एक कोयता म्हणजे किती

"मॅडम, हा जो खड्डा दिसतोय, तो कसला?"

डॉ. वझलवारांनी पडद्यावरच्या आलेखाकडे पेन रोखलं. नागपूरहून आलेले हे परीक्षक गेला तासभर नुसती मान डोलावत होते. सगळं आता सुखरूप पार पडणार असं वाटून मार्गदर्शक बेरड सरांनी शिपायाला खुणेनं चहाचं विचारूनही घेतलं होतं. आणि नेमका आता हा खड्डा निघाला.

"सर, कारखान्यावर कुठल्या वेळी उसाच्या किती ट्रॉल्या पोचतात त्याची ही वरची रेघ माझ्या गणिताची आणि खालची प्रत्यक्षातली," सत्यशीला म्हणाली. "दिवसभर दोन्ही बरोबर चालतात. सकाळच्या पहिल्या खेपेला तेवढी खालची मागे पडते."

"ते मलाही दिसतंय. का पडते?"

"धुकं, दवानं ओला झालेला ऊस आणि वाहनांचा बिघाड. चौथ्या प्रकरणात लिहिलंय."

"वाचलंय मी. हा आलेख कुठल्या महिन्याचा आहे?"

सत्यशीलेनं आलेखाखालची ओळ वाचली. महिना मार्च होता. जामखेडच्या बाजूला मार्चमध्ये धुकं पडल्याचं तिनं जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

खर्ड्याची सत्यशीला कानिफनाथ गोपाळघरे सहजासहजी घाबरणारी बाई नव्हती. जामखेडच्या कॉलेजात ती तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवायची, आणि मागच्या बाकावरची टगी पोरंसुद्धा तिच्या तासाला वही काढून बसत. व्यवस्थापनशास्त्र आणि संख्यात्मक पद्धती या विषयात पीएच.डी. करायची म्हटल्यावर लोक म्हणाले, शेअर बाजारावर कर, बँकांवर कर. तिनं साखर कारखान्याची रांग धरली. उसाच्या ट्रॉल्या संध्याकाळी एकदमच कारखान्यावर येतात आणि रात्रभर ताटकळतात, कारण सगळ्या टोळ्या एकाच वेळी तोडायला लागतात आणि एकाच वेळी वाहनं भरतात. काही टोळ्यांनी जरा लवकर, पहाटे अंधारातच फडात उतरावं, म्हणजे त्यांच्या ट्रॉल्या सकाळीच कारखान्याच्या वजनकाट्यावर पोचतील आणि रांग विरळ होईल, असं तिचं गणित होतं. एका कारखान्यानं तिला हंगामभर ते करूनही पाहू दिलं होतं. रांग खरोखरच कमी झाली. गणितात निम्मी होत होती, प्रत्यक्षात तेवढी उतरली नाही, पण उतरली. त्या यशावर तिचा प्रबंध उभा होता आणि त्याचा तिला सार्थ अभिमान होता.

आज खुली मौखिक परीक्षा होती. नगरच्या कॉलेजातल्या या सभागृहात कुणीही येऊन बसावं, प्रश्न विचारावा, अशी रीतच असते. बसले होते ते मात्र बहुतेक इथलेच प्राध्यापक आणि पाचसहा संशोधक विद्यार्थी. शेवटच्या रांगेत सत्यशीलेची आई लंकाबाई डोक्यावर पदर घेऊन ताठ बसली होती. पहाटेच्या एसटीनं दोघी आल्या होत्या. "मला त्यातलं काय कळतंय?" म्हणत म्हणत लंकाबाईंनी ठेवणीतलं लुगडं कधी काढलं ते लेकीलाही कळलं नव्हतं.

"बरं, धुकं बाजूला ठेवू," वझलवार म्हणाले. "तुमच्या गणिताचं एकक कोयता आहे. मी विदर्भातला माणूस, आमच्याकडं कापूस. एक कोयता म्हणजे किती माणसं?"

"दोन. नवरा आणि बायको."

"मग गणितात एक का?"

"तिकडं तसंच धरतात, सर."

"प्रचलित एकक आहे ते," बेरड सर घाईघाईनं मध्ये पडले. "मुकादम करार करतो तोही कोयत्यावरच. उमेदवार स्वतः त्याच घरातली आहे. तिच्या आई आल्यात ना, मागे बसल्यात. पंधरावीस हंगाम तोडणी केलीय त्यांनी."

वझलवारांनी मागे वळून पाहिलं. मग खुर्चीतून थोडं उठून त्यांनी नमस्कार केला. "ताई, तुम्हीच सांगा. कोयता कसा मोजतात?"

लंकाबाई गडबडून उभ्या राहिल्या. लेकीच्या परीक्षेत आपल्यालाही उभं करतील याची त्यांना काय कल्पना! पण प्रश्न सोपा निघाला.

"जोडप्याचा येक कोयता," त्या म्हणाल्या. "येकट्याचा अर्दा. हिचा बाप हुता तवर आमचा येक हुता. त्ये गेल्यावर मी दिराच्या टोळीत अर्द्या कोयत्यात हुते. लेक म्हन्ती त्ये बराबर हाय सायेब, येकच धरत्यात."

लेकीची बाजू भक्कम केल्याच्या समाधानात त्या खाली बसल्या.

सत्यशीला मात्र त्यांच्या एका शब्दाशी अडली. अर्धा कोयता हा शब्द तिनं लहानपणापासून हजारदा ऐकला होता. आज मात्र तो आत कुठेतरी रुतला. दादा, म्हणजे तिचे वडील, गेले आणि आई अर्धी झाली. म्हणजे दादा असताना आई किती होती? एकातून एक गेला तर अर्धा उरेलच कसा? पहिलीच्या पोराला जमणारी वजाबाकी, आणि ती पीएच.डी.च्या दारात उभी राहून आज करत होती.

आणि मग तिला तो खड्डा दिसला. पडद्यावरचा नव्हे, त्याच्या आतला. फडाच्या कडेला उसाच्या वाढ्यांनी, शेंड्यांच्या पाल्यानं, शाकारलेल्या झोपड्या, कोप्या. अंधारात पेटलेल्या चुली. दादा कोयता घेऊन फडात निघालेले, आणि आई परातीपुढे. दोघांच्या दिवसभराच्या भाकरी, पोरांचं, पाण्याच्या घागरी. हे सगळं उरकून ती फडात पोचायची तेव्हा दादांनी तोडलेला ऊस नुसताच आडवा पडलेला असायचा. त्याच्या मोळ्या आईनं बांधायच्या, आईनंच फळीवरून डोक्यावर वाहून ट्रॉलीत चढवायच्या. आई येईपर्यंत ट्रॉली रिकामीच.

ती तिथं होती. तिनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. परक्या माणसानं हे गणित मांडलं असतं तर त्यानं आधी माणसं मोजली असती. तिनं मोजली नाहीत, कारण तिच्या घरात ती कधी मोजलीच जात नव्हती.

"सर," ती म्हणाली, "मला चहा होईपर्यंतचा वेळ द्या."

वझलवारांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली. चहा, वेफर्स, पेढे आले. लोक पाय मोकळे करायला उठले तसे बेरड सर लगबगीनं तिच्या टेबलापाशी आले. भला माणूस, सात वर्षं त्यांनी तिचं प्रत्येक पान वाचलं होतं.

"सत्यशीला, काय करताय?"

"मॉडेल बदलतेय, सर. एकाच्या जागी दोन माणसं घालतेय. दुसरी उशिरा येणारी."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?" त्यांनी आवाज खाली आणला. "तुमची शेवटची मुदतवाढ संपलीय. त्यांनी फेरलेखनाचा शेरा मारला तर नोंदणीच रद्द होते. पुन्हा प्रवेश परीक्षेपासून! सांगा की त्यांना, वाहनांचा बिघाड होता. बिघाड काय मार्चमध्ये होत नाहीत?"

"रोज सकाळीच होतो का, सर? आणि संध्याकाळी आपोआप बरा होतो?"

"मस्करीची वेळ नाही ही."

"मी मस्करी करत नाही, सर. सात वर्षं मी या खड्ड्याला धुकं म्हणत आले. आता त्यात माझी आई दिसल्यावर पुन्हा धुकं कसं म्हणू?"

बेरड सरांनी कपाळाला हात लावला. पण लावलेला हात काढून त्यांनी तिच्या लॅपटॉपची वायर खाली लोंबत होती ती नीट खोचून दिली.

सत्यशीलेची बोटं भराभर चालली. तिला भीती वाटत होती, नाही असं नाही; सात वर्षं काही थोडी नसतात. पण तिच्या मनात त्याहून मोठा आनंद उसळत होता. अडकलेलं गणित सुटायला लागलं की तो होतोच, मग डोक्यावर आभाळ का कोसळेना. तिनं चूल घातली, पाणी घातलं, मोळ्या बांधण्याचं काम वेगळं काढलं आणि बटण दाबलं.

लोक जागेवर बसले तेव्हा पडद्यावर नवा आलेख होता. दोन्ही रेघा सकाळपासून संध्याकाळपर्यंत हातात हात घालून चालल्या होत्या. खड्डा बुजला होता.

"धुकं नव्हतं, सर," सत्यशीला खणखणीत आवाजात म्हणाली. "पहाटे फडात अर्धंच मनुष्यबळ असतं. बाई चुलीपाशी असते. आणि मोळी बांधून ट्रॉली भरायची ती बाईनंच, त्यामुळं ती येईपर्यंत पहिली खेप हलत नाही. माझ्या जुन्या मॉडेलमध्ये ही बाईच नव्हती."

सभागृहात कुजबुज झाली. वझलवार पुढे झुकले. "म्हणजे तुमचा निष्कर्ष बदलतो."

"बदलतो. रांग निम्मी होईल असा माझा दावा होता, तो मी मागे घेते. ती एक तृतीयांशानं कमी होते." हे म्हणताना तिला वाईट वाटलं. त्या निम्मीवर तिचा फार जीव होता. "आणखी एक आहे. तेही बोलायलाच हवं. टोळी लवकर उतरवायची तर बाईनं चूल त्याहून आधी पेटवायला हवी. चाचणीत रांगेचा जो वेळ मी वाचवला, तो खरं तर वाचला नाही. तो बायांच्या झोपेतून आला. कारखान्याला हे वेळापत्रक सुचवायचं असेल तर ही किंमत त्यात धरावी लागेल, आणि ती धरली तर पहाटेच्या टोळ्या करण्यापेक्षा टोळीसाठी भाकरीची आणि पाण्याची सोय करणं स्वस्त पडतं. तेही गणितानं दाखवता येईल."

"आज?"

"आज नाही. आज फक्त एवढंच येतं."

वझलवार बराच वेळ समोरच्या प्रबंधाची पानं उलटत राहिले. बेरड सर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. सत्यशीला ताठ उभी होती. हात मात्र तिनं पाठीमागे घट्ट धरले होते.

"चौथं प्रकरण नव्यानं लिहा," वझलवार शेवटी म्हणाले. "महिन्याभरात दुरुस्त प्रत द्या. आणि ते धुकं तेवढं काढून टाका." मग शेजारी बसलेल्या परीक्षा समितीच्या अध्यक्षांकडे वळून त्यांनी सरळ सांगितलं, "मी पदवीची शिफारस करतो."

टाळ्या वाजल्या. बेरड सरांनी चष्मा काढून पुसला आणि ते विद्यार्थ्यांवर उगाचच ओरडले, "अरे, पेढे उरलेत ते वाटा की!"

सगळं आवरून दोघी मायलेकी बाहेरच्या पायरीवर टेकल्या. एसटीला अजून अवकाश होता. सत्यशीला बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली. लंकाबाईंच्या हातात पेढ्याची कागदी बशी होती.

"पास झालीस न्हवं?"

"झाले की."

"मंग त्यो लांबचा सायेब एवडं काय उकरत हुता? मी सांगितलं त्याला, येकच धरत्यात म्हून."

"तेच चुकलं हुतं, आई. मी बी येकच धरला हुता. आता दोन केलेत. दादांचा येक आनि तुजा येक."

"माजा?" लंकाबाई हसल्या. "माजा कुटं कोयता? मी मोळ्या बांदायचे, भरायचे."

"तू न्हाई बांदल्या तर ट्रॉली हालत न्हाई. आज तितं पडद्यावर दिसलं समद्यांला."

लंकाबाईंनी पेढा मोडला. अर्धा लेकीपुढे धरला. लेकीनं तो घेतला तरी त्यांचा हात तसाच पुढे राहिला. त्या काहीतरी मनाशी जुळवत होत्या.

"म्हंजी तुजा बाप गेल्यावर," त्या सावकाश म्हणाल्या, "मी अर्दी न्हवते?"

"न्हवतीस."

"आख्खी हुते?"

"आख्खी, आई."

समोरच्या रस्त्यावरून वाहनं जात होती. लंकाबाईंनी पदरानं तोंड पुसलं, पेढ्याचे कण झटकले.

"तवाच कुनीतरी सांगाया पायजे हुतं," त्या म्हणाल्या, आणि बशीतला उरलेला पेढा खाऊ लागल्या.