साडूसाठी खेकड्याची टिक्की

पुरुषाच्या आयुष्यात एखादी लढाई अशी येते, की तिच्यातून माघार घेतली तर पुढच्या पिढ्यांना तोंड दाखवता येत नाही. उमरीच्या बजरंगवर ती आखाडातल्या एका रविवारी आली. टिक्क्या तळायच्या होत्या.

त्याचं असं झालं. नांदेडचा साडू शेषेराव पोराकडं अमेरिकेत सहा महिने राहून आला आणि तेव्हापासून लग्न असो की मयत, त्याचा विषय एकच. "तिकडं क्रॅब केक असतो, बजरंगराव. खेकड्याची टिक्की समजा. पण तुमच्या उमरीत ते जमायचं न्हाई." हे तो सासऱ्यांच्या तेराव्याला, भर पंगतीत बोलला. बजरंगचा बुंदीचा घास हातातच राहिला.

"रविवारी या घरी," तो म्हणाला. "खाऊ घालतो."

ओढ्याचे खेकडे आले. घरच्या रिवाजाप्रमाणे वशाट अंगणातल्या चुलीवरच शिजायचं. बजरंगनं मोबाईलवर बघून आईला, लक्ष्मीबाईंना, नीट समजावलं, की खेकडे उकडायचे आणि आतलं मांस कोरून काढायचं. मग चुऱ्यासाठी टोस्ट आणायला तो बेकरीत गेला.

लक्ष्मीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पाहुणा उपाशी उठणार, याबद्दल त्यांची खात्री पटली. त्यांनी खेकडे कवचासकट पाट्यावर वाटले, फडक्यातून गाळले आणि रस्सा टाकला. खेकड्याचं दुसरं काही करतात, हे त्यांना मान्यच नव्हतं.

"आई, मांस कुठंय?"

"चोथा व्हय? कोंबड्यांना टाकला."

"अगं, साडू येऊन राहिला!"

"येऊ दे की. रस्सा लई झकास झालाय."

बजरंग पायरीवर बसला. त्याच्या बायकोनं, उज्वलानं, गुपचूप कुकरला बटाटे लावले. "अहो, अंडं तेच, मिरी तीच, टोस्ट तोच. आत कोण हाय हे कोण बघायलंय?" वासापुरता पळीभर रस्सा घालावा म्हणून बजरंग उठला, तर आईनं झाकणावर हात ठेवला. "पाहुण्याला पुरला पाहिजे."

पाहुणे आले. उज्वलाची थोरली बहीण कांचन, म्हणजे शेषेरावची बायको, सरळ चुलीपाशी गेली. एक टिक्की मोडून तिनं तोंडात टाकली आणि मग नवऱ्याचं ताट वाढायला घेतलं.

शेषेरावनं पहिला घास घेतला. डोळे मिटले. बजरंगनं देवाचं नाव घेतलं.

"हुबेहूब!" शेषेराव म्हणाला. "आमचं पोरगं तिकडं घरी करायचं, अगदी तीच चव. हरलो बुवा."

"त्यात काय हाय," बजरंग मिशीवर हात फिरवत म्हणाला. "फक्त खेकडा ताजा पाहिजे."

तेवढ्यात लक्ष्मीबाई रश्श्याची वाटी घेऊन आल्या. ती शेषेरावच्या ताटात पडायच्या आत कांचननं उचलली आणि चुलीकडं नेली. बजरंग मागोमाग गेला.

"आक्का, रस्सा का काढून घेतला?"

"हळू बोला, दाजी. खेकडा खाल्ला की यांच्या अंगभर पित्त उठतं, पण ऐकतंय कोण? म्हणून तर आधी तुमची टिक्की चाखली, मगच यांना खाऊ दिली. पोरगंबी तिकडं यांना असलीच करून घालायचं."

शेषेराव सहा महिने अमेरिकेत बटाटा खात होता.