लेट गो म्हणजे

“हा ‘ऑफ’ काढ,” नसरीनने कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवलं. “‘लेट गो’ला ‘ऑफ’ जोडलं की धरलेली गोष्ट सोडणं. दोरी, हात, राग. कामावरच्या माणसाला ते लागत नाही. तिथं माणूस मधे येतो. ‘लेट यू गो.’”

“म्हंजी कामावनं काढनं?” अविराजनं विचारलं. तो शाळेचा क्लार्क.

“तेच. फक्त ‘काढलं’ म्हणायला जड जातं, तेव्हा असं लिहितात. जसं काही समोरच्यालाच जायचं होतं, आपण नुसतं अडवलं नाही.”

अविराज हसला नाही. एरवी तिच्या अशा बोलण्यावर तो हसायचा. लहानपणी तो याच शाळेत, तिच्याच हाताखाली इंग्रजी शिकला होता. आज सकाळी संचालकांनी त्याला एक पत्र तयार करायला सांगितलं होतं आणि वर बजावलं होतं, मॅडमना दाखवून घे, चूक राहायला नको. नावाची जागा मोकळी होती. बसवरच्या ड्रायव्हरचं असेल, असं धरून नसरीन वाचत होती.

दुसऱ्या परिच्छेदात शाळेनं एकोणीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार मानले होते.

शाळेलाच एकोणीस वर्षं झाली होती. जळोचीत पत्र्याच्या तीन खोल्यांत ती सुरू झाली, तेव्हा शिकवायला दोघंच होते, जुने संस्थापक आणि नसरीन. संस्थापक तीन वर्षांपूर्वी वारले. पहिल्या उन्हाळ्यात मुलं मिळवायला ती दारोदार फिरली होती. इंदापूरहून दीड तासाची एसटी पकडून रोज येणं, दरवर्षी अकरा महिन्यांच्या करारावर सही करणं, यात एकोणीस वर्षं गेली होती.

तिचं बोट पडद्यावरच राहिलं. मग ते एक ओळ खाली सरकलं.

“‘सिन्सिअर’मधे एक ई राहिलाय.”

“मॅडम...” अविराजनं कीबोर्डवरचे हात काढले. “मी त्यांना म्हनलो, दुसऱ्या कुनाकडनं तपासून घेतो. तर म्हनले, तिच्याइतकं इंग्रजी हितं येतंय कुनाला?”

“खरंच आहे ते.”

“मला न्हाय म्हनाया जमलं न्हाय, मॅडम. घरी दोन लेकरं हायेत.”

“मी विचारलं का तुला काही? नाव घाल. नसरीनमधे दोन ई. मागच्या वर्षीच्या ओळखपत्रावर तू एकच टाकला होतास.”

त्यानं नाव टाइप केलं. तिनं ते नीट पाहिलं, मान हलवली आणि आठवीच्या तासाला गेली. फळ्यावर तारीख लिहिताना खडू दोनदा मोडला. मुलांच्या ते लक्षात आलं नाही.

दुपारी संचालक रणजितसरांनी तिला आत बोलावलं. संस्थापकांचे हे धाकटे चिरंजीव. त्यांनी पत्र पुढं सरकवलं आणि पोहोचेची सही मागितली.

“वाईट वाटून घेऊ नका, मॅडम. आता पालकांना उच्चार लागतो. पुण्याहून एक मुलगी येतेय, अगदी फाडफाड बोलते. तुमचं व्याकरण पक्कंय, पण बोलण्यात बावडा येतोच.”

“माहेर आहे ते माझं. येणारच.”

ते ओशाळून हसले. “भाषा मात्र आम्ही सभ्य ठेवलीय. वाचा तरी.”

“वाचलंय,” नसरीन म्हणाली. “एकही चूक नाही.” आणि तिनं सही केली.

संध्याकाळी इंदापुरात तिचा नवरा आरिफ दुकानातून घरी आला. तो मिक्सर, पंखे दुरुस्त करायचा. चहा ओतता ओतताच तिनं त्याला सांगितलं. त्यानं बशी पुढं ओढली.

“आसं कर,” तो म्हणाला, “लोकांनी इचारलं तर तूच सोडली म्हन. रोजचा प्रवास झेपंना, म्हनून सोडली. तेवढंच बरं दिसतंय.”

“मी सोडली नाही.”

“आगं, पन लोकं...”

“काढलं मला, आरिफ. काढलं.” ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. “दिवसभर माझ्याबद्दल तो शब्द कुणी उच्चारला नाही. तू तरी नको लपवू.”

तेवढ्यात शेजारच्या बनाबाई विरजण मागायला दारात आल्या. त्यांनी दोघांच्या तोंडाकडं पाहिलं. “काय झालं गं, मास्तरीणबाई?”

“शाळेनं काढलं मला, मावशी,” नसरीन म्हणाली आणि वाटी घ्यायला उठली. आरिफनं मान खाली घातली.

सोमवारी ती नेहमीसारखी पाचला उठली. पोळ्या झाल्या, मटकीची उसळ झाली, आणि हाताच्या सवयीनं दोन डबे भरले गेले. आरिफ आपला डबा घेऊन निघाला. दुसऱ्या डब्याकडं त्यानं एकदा पाहिलं आणि चप्पल घालून गेला.

साडेदहाला, मधल्या सुट्टीच्या वेळी, नसरीननं ओट्यापाशी उभं राहून तो डबा उघडला आणि सगळा संपवला.