पाचवी खेळाडू

माझं डोकं लवकर फिरतं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मी आईला चाचणीला का बसवलं, हे पुढे कुणी विचारायला नको. रागाच्या भरात बसवलं. कात्रीवरच्या रागात.

कात्री म्हणजे आमच्या व्हिडिओ गेमच्या कंपनीतला मुख्य डिझायनर. गेममध्ये काय ठेवायचं आणि काय उडवायचं हे तो ठरवतो, आणि त्याला काही ठेवताना फारसं कुणी पाहिलेलं नाही. मी त्याच्या हाताखाली क्वेस्ट रचते. खेळणाऱ्याला वाटेत कुणीतरी भेटतं, एखादं काम सांगतं, आणि ते काम करता करता एक गोष्ट उलगडते, ती अख्खी कामगिरी म्हणजे क्वेस्ट. कोण कुठे उभं राहील, काय बोलेल, खेळणाऱ्याला उत्तरं द्यायला कुठले पर्याय मिळतील, सगळं मीच लिहायचं. आठ वर्षं हेच करतेय. हरवलेल्या बकऱ्या शोधायला लावून लावून लोकांचा जीव काढलाय.

पण हा एक क्वेस्ट माझा होता. डोंगरातल्या पुलाच्या कामावर एक मिस्त्री पडून मरतो. त्याची हत्यारांची पिशवी त्याच्या घरी पोचवायची. दाराच्या पायरीवर त्याची सात वर्षांची मुलगी बसलेली असते आणि ती विचारते, बाबा कुठेत. बस, एवढंच. मी सात वर्षांची असताना माझे बाबा असेच गेले, पुलावरून पडून. आईनं मला त्या संध्याकाळी सरळ सांगितलं होतं, गावाला गेलेत, देवाघरी गेलेत असलं काही नाही, आणि त्यासाठी मी तिला आजवर मनातल्या मनात मानत आले. म्हणून माझ्या क्वेस्टमध्ये त्या पोरीला द्यायची तिन्ही उत्तरं खरी होती. हळू सांगा, धीर देत सांगा, नाहीतर एका वाक्यात सांगा, पण खरं सांगा. खोटं बोलायची सोयच मी ठेवली नव्हती.

कात्रीचं म्हणणं पडलं की लोक तिथे अडतात, एकही उत्तर न निवडता खेळ सोडतात, एखादा खोटा पर्याय घाल. मी म्हटलं, मेले तरी घालणार नाही. मग त्यानं नियम काढला. पाच नवख्या माणसांना खेळायला बसवायचं, त्यातले तिघं अडले की क्वेस्ट बाद. चौघं झाले होते आणि दोघं अडले होते. पाचव्यानं त्याच सकाळी कळवलं की पोट बिघडलंय, येत नाही. त्यावर कात्री शांतपणे म्हणाला की मग तोही अडला असंच धरू. माझं टाळकं सटकलं.

घरचं माणूस चाचणीला बसवायचं नाही असा आमच्याकडे कडक नियम आहे. मी तो धाब्यावर बसवला. आईचं शिवणाचं दुकान दोन गल्ल्या सोडून आहे, आणि मोबाइलवरच्या पत्त्यांपलीकडे तिनं जन्मात काही खेळलेलं नाही. नवखी म्हणजे माणसानं किती नवखं असावं. तिला फोनवर बजावलं की माझी आई आहेस हे बोलायचं नाही, आत काय आहे ते मला विचारायचं नाही, आणि मी वर माझ्या टेबलाशी असणार आहे. शेवटचं खोटं होतं. मी काचेमागच्या खोलीत असणार होते.

चाचणीच्या खोलीला एका भिंतीत काच आहे. आतल्यांना त्यात आपलंच तोंड दिसतं, आणि पलीकडे अंधारात बसलेल्या आम्हाला सगळं दिसतं नि ऐकू येतं. खेळणाऱ्याशेजारी आमची चाचणीवाली बसते. ती मदत करत नाही, सुचवत नाही, फक्त एवढंच सांगते की मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा. आमच्याकडे एक माइक असतो, बटण दाबून बोललं की फक्त तिच्या कानात ऐकू जातं. मशीन बंद पडलं तरच तो वापरायचा.

आई आली, फॉर्मवर न वाचता सही केली, पर्स मांडीवर घेऊन बसली. पहिली दहा मिनिटं तिनं आपला माणूस भिंतीवर आपटवला. एका कोंबडीला धडकून तिची माफी मागितली. समोर हा एवढा मोठा बाण लुकलुकतोय आणि ही बया विहिरीला प्रदक्षिणा घालतेय. मी दातओठ खात बसले होते आणि शेजारी कात्री गालातल्या गालात हसत होता. पण मग तिला जमलं. पुलाखाली गेली, पिशवी उचलली, आणि पिशवी पडद्यावर मोठी होऊन दिसली.

ती मी घरातल्या पिशवीवरून हुबेहूब करून घेतली होती. बाबांची खाकी पिशवी, कोपऱ्याला निळं ठिगळ, आणि बंद तुटलेला म्हणून त्याला मारलेली गाठ. सत्तावीस वर्षं माझ्या खोलीत खुंटीला आहे. आई ती बघून गप्प झाली. मला वाटलं गहिवरली असेल. माझेही डोळे भरून आले आणि मी अंधाराला धन्यवाद दिले.

मग ती चालत घरापर्यंत गेली, पोरीपुढे उभी राहिली, पोरीनं विचारलं, आणि तीन उत्तरं पडद्यावर आली. आईनं ती वाचली. पुन्हा वाचली. मग हातातला खेळायचा रिमोट खाली ठेवून दिला.

चाचणीवालीनं विचारलं, मनात काय चाललंय. आई म्हणाली, यातलं एकही नको.

कात्रीनं माझ्याकडे बघून तिसरं बोट उघडलं. अडली. मला इतका संताप आला, की आई तू सुद्धा, अगं दाब की एक, तूच तर सांगितलं होतंस मला. चाचणीवाली शिकवल्याप्रमाणे गप्प बसून राहिली. समोरचा नुसता ऐकत बसला की माणूस बोलत सुटतो, त्यावरच तिचं पोट आहे.

"तिन्हीत तो मेलाच आहे," आई म्हणाली. "मी हे एकदा सांगितलंय, बाळ. तेव्हा ती थाप होती. आता परत नाही सांगवत."

मला ते शब्द कळले, अर्थ कळला नाही. खरंच सांगते, पहिल्यांदा मला वाटलं ती गेममधल्याच कुणाबद्दल बोलतेय.

ती सावकाश सांगत गेली. नवरा दुसऱ्या एका बाईकडे राहायला गेला. पोरगी रोज संध्याकाळी खिडकीत बसून बाबा कधी येणार म्हणून विचारायची. दोन महिने येतील, येतील म्हणून झालं, आणि एके दिवशी कंटाळून तोंडातून गेलं की पुलावरून पडला, मेला. पोरीला हातात धरायला काहीतरी हवं म्हणून जुन्या बाजारातून मिस्त्रीची पिशवी आणून दिली, अशीच, ठिगळाची. मोठी झाली की सांगू म्हणून ठेवलं होतं. तेवढ्यात पोरीनं शाळेत वडिलांवर निबंध लिहिला आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं, सगळ्या बाया रडल्या, मग कुठल्या तोंडानं सांगायचं. हे सगळं ती पर्सची चेन उघडत लावत सांगत होती, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं.

  शेजारी कात्री पुढे सरकला होता. ऐकतेयस ना, लिहून घे, असलं सोनं मागून मिळत नाही, असं तो माझ्या कानाशी कुजबुजला. त्याचा काय दोष, त्याच्या लेखी ती कुणी परकी बाई होती.

मी माइकच्या बटणाकडे हात नेला. त्यानं माझा हात धरला, खेळणाऱ्याच्या तोंडात उत्तर घालायचं नसतं वगैरे काहीतरी म्हणाला.

"ती माझी आई आहे," मी म्हटलं, आणि त्यानं हात सोडला.

बटण दाबून मी माइकमध्ये एवढंच बोलले की तिला विचार, तो जिवंत आहे का. माझा आवाज ऐकून चाचणीवाली दचकली, पण तिनं चेहरा हलू दिला नाही. आपल्या नेहमीच्या सपाट स्वरात तिनं विचारलं, आणि ते गृहस्थ आता?

"आहे ना," आई म्हणाली. "मागच्या वर्षी घरी आला होता. पोरगी कामावर गेली होती. म्हातारा झालाय. तिचा नंबर मागत होता. मी म्हटलं, तिच्या लेखी तुम्ही मेलेले आहात, आधी मला तिला सगळं सांगावं लागेल, आणि मी सांगते, आजच सांगते. जरा विचार केला त्यानं. मग म्हणाला, राहू दे."

 कात्रीनं चष्मा काढला, खाली बघत म्हणाला की हा क्वेस्ट राहील, तो शब्द देतो, कुणी हात लावणार नाही.

"कापा," मी म्हटलं.

बाहेर आले तेव्हा आईही पर्स सावरत तिच्या दारातून बाहेर येत होती. दोन्ही दारं शेजारी शेजारी आहेत. मी कुठल्या दारातून आले ते तिनं पाहिलं, दार मिटण्याआधी आतला अंधार पाहिला, त्या अंधारात उजेडानं भरलेली काच आणि काचेपलीकडे तिची रिकामी खुर्ची पाहिली. बिचारीचा रंगच उतरला. 

किती वेळ होतीस, असं तिनं विचारलं. मी म्हटलं पहिल्यापासून.

ओरडायचं खूप काही होतं. सत्तावीस वर्षांचं होतं. दर वर्षी बाबा गेले त्या दिवशी मी उपाशी राहते आणि ती मला राहू देते, त्याबद्दल तर मी तिचा गळाच धरायला हवा होता. पण तोंडून निघालं ते भलतंच निघालं, आणि लहान पोरीच्या आवाजात निघालं.

"कसं म्हणाले गं ते? राहू दे म्हणताना? रडले का?"

आईनं माझ्याकडे बघितलं. तिला खोटं बोलता आलं असतं, एवढ्या वर्षांचा सराव होता, आणि देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला तेच हवं होतं.

"नाही गं," ती म्हणाली. "चपला घालता घालता म्हणाला."