आजचा झैद

झैदने अम्रला मारले.

झैदची डाळ करपली.

झैद रोज म्हशीचे दूध घेतो, पण त्यात पाणी असते.

झैदला सुभेदाराने आईवरून शिवी दिली.

झैद डेझर्टर आहे. तो निपाणीला तंबाखूच्या वखारीत झोपतो.

ही सगळी वाक्यं कासीम मुनशींच्या वहीतली, १९१७ सालची. बेळगावच्या कॅम्पात ते उर्दू बोलणाऱ्या शिपायांना इंग्रजी शब्द शिकवत. आधी शब्द, मग उर्दूत अर्थ, मग वापर. वापराला माणूस एकच, झैद. मदरशात मुनशी स्वतः अरबी व्याकरण शिकले तेही झैदवरच. तिथल्या उदाहरणांत झैद शेकडो वर्षं विनाकारण अम्रला मारत होता.

मुनशींना मनचं वाक्य सुचत नसे. करपलेली डाळ त्यांचीच होती, शिवीही त्यांनीच खाल्लेली. झैदचा बुरखा घातला की कुणी ओळखत नाही, असं त्यांना वाटे. शिपाई मात्र रोज पैज लावत, आज झैद कोण?

डेझर्टरचं वाक्य लिहिलं त्याच्या तीन दिवस आधी उचगावची बाळाबाई दूध घालायला आली ती उंबऱ्यावरच बसली. तिचा मुलगा जोतिबा पलटणीतून पळाला होता.

"साहेब, कागद ल्हा त्याला. म्हनावं म्हस व्याली. आन् पलटनीला बसऱ्याच्या लढाईवर न्येनारी बोट सुटंपत्तोर वखारीतनं भाईर पडू नगंस."

पत्ता तिनंच सांगितला.

"कुनाला बोलू नगासा."

"अल्लाची शपथ, बाळाबाई. त्याचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

नाव निघालं नाही.

"डेझर्टर," मुनशींनी फळ्यावर लिहिलं. "मतलब भगोडा. इस्तेमाल..." आणि वाक्य लिहून मोकळे झाले.

मागच्या ओळीत हवालदार दादेखान उभा राहिला.

"मुनशीजी, किसकी वखार?"

"अरे, मिसाल है. नुसतं उदाहरण."

"डाळ पण मिसालच होती. वास बराकीपर्यंत आला."

वर्ग हसला. मुनशींनी तळहातानं फळा पुसला. फडकं समोरच होतं.

दुपारी त्यांनी निपाणीला इशाऱ्याचं पत्र टाकलं. त्याला दोन दिवस लागणार होते. दादेखान चार शिपाई घेऊन आधीच निघाला होता.

निपाणीत दोन वखारी रिकाम्या निघाल्या. तिसरीत पानांचा ढीग होता. दादेखाननं संगीन खुपसली. ढीग ओरडला.

जोतिबा मांडी धरून बाहेर आला. बंदुकीचा पहिला दस्ता जबड्यावर बसला, दुसरा पाठीत. तो पडल्यावरही मारत राहिले. एकानं बुटाखाली त्याचा उजवा हात धरला आणि टाच फिरवली. "पळ आता," दादेखान म्हणाला. "पळ की रं." जोतिबाला बोलायचं होतं, पण तोंडात दात आणि तंबाखूची भुकटी होती. त्याला बैलगाडीला बांधून आणलं. संकेश्वरच्या अलीकडे तो मेला. गाडी थांबली नाही.

बाळाबाई चौथ्या दिवशी मुनशींच्या दारात आली. हातात पितळी चरवी होती, रिकामी.

"नाव घेटलासा?"

"नाही."

"मग?"

मुनशींनी वही उघडली आणि वाक्य तिला मराठीत वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं.

"ह्यो झैद कोन?"

"कुणीच नाही."

तिनं चरवी त्यांच्या कपाळावर हाणली. मग पुन्हा. तिसऱ्या घावाला भुवई फुटली, चरवीला पोचा आला. त्यांनी हात वर केला नाही. ती हाणत राहिली, शेजारच्यांनी ओढून नेईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून मुनशी वर्गात आले. दादेखान पहिल्या ओळीत बसला होता, बोटांची सालपटं गेलेली. मुनशींनी नवा शब्द लिहिला, अर्थ लिहिला. वापराशी खडू थांबला. शिपाई वाट बघत होते.

"मुनशीजी," दादेखान म्हणाला, "आज झैद कोण?"

मुनशींनी खडू ठेवला आणि बाहेर पडले. वही टेबलावर तशीच राहिली.

तिच्यातलं दुधाचं वाक्य तेवढं मनचं होतं. बाळाबाईच्या दुधात कधीच पाणी नव्हतं.