भरली कोठी

"आई, जरा चूप राह्य ना!" सुरभीनं डोळे वटारले आणि आनंदाबाईंनी तोंडातलं वाक्य गिळून टाकलं. वाक्य तरी काय, तर कढीत गोळे टाकू की साधीच करू. पण समोर लॅपटॉपात पुण्याचे साहेब बसले होते आणि त्यांना कढीचं काही देणंघेणं नव्हतं.

लेकीला कंपनीनं पावसाळ्यापर्यंत घरून काम करायची मुभा दिली, तेव्हा तिच्या वडिलांना, चंद्रभानांना, कोण आनंद झाला! त्यांनी माडीवरची खोली रंगवून घेतली, टेबल आणलं, जिन्याखालच्या कोनाड्यात वायफायचा डबा बसवून घेतला. आणि झालं काय? खाली स्वयंपाकघरात नेट धो धो, माडीवर मात्र ठणठणगोपाळ. सुरभीनं लॅपटॉप बंद करून चालू केला, वायफायचं नाव काढून पासवर्ड पुन्हा टाकला, डब्याची पिन उपसून परत खोचली. मोबाइलवरही तेच रडगाणं. शेवटी वैतागून ती लॅपटॉप घेऊन खाली आली आणि चौरंग ओढून ओट्याजवळ बसली.

आनंदाबाईंचं तर फावलंच. याच जागी ही पोरगी दप्तर पसरून बसायची, पाढे म्हणता म्हणता तव्यावरची पहिली पोळी मागायची, तूप-साखर लावून. मग कॉलेजसाठी नागपूर, पुढं पुणं, आणि लेक दिवाळीची पाहुणी झाली. आल्या आल्या जायची तारीख सांगणारी. आता तीच डोळ्यांसमोर मांडी घालून बसलेली. मीटिंग संपली की हात न धुता गरम भाकरीचा तुकडा मोडणारी. खरं सांगायचं तर इतकं सुख बाईंना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

पण ते सुख साहेबांना कसं मानवावं? कधी कुकर शिट्टी मारी, कधी मिक्सर घरघरे. एकदा तर शेजारची धुरपता विरजण मागायला थेट मीटिंगमध्येच शिरली. आज साहेबांनी साफ सांगितलं, की घरून जमत नसेल तर सोमवारी ऑफिसला या.

"मले नाई जायचं गं," सुरभी लॅपटॉप मिटत म्हणाली. "पण असं चाललं तं जा लागन."

दुपारी नेटवाला प्रेमदास आला. मोबाइल हातात धरून जिना चढला, उतरला, आणि कोनाड्यासमोर येऊन थांबला. कोनाड्याला लागून, जिन्याच्या बाजूनं, तुरीच्या डाळीची पत्र्याची कोठी उभी होती. चांगली छातीएवढी.

"काकू, हे कोठी इथं काऊन ठेवली?"

"तिची जागाच हाये ते. सासूबाईच्या वेळची."

"मंग झालं! पत्रा सिग्नल अडवून राह्यला. स्वयंपाकघराकून मोकळं हाये, म्हणून इकडं येते. कोठी हटवा."

"अन् डबाच हलवला तं?" सुरभीनं विचारलं.

"वायर पुरत नाई ताई. नवी याले पुढचा आठवडा लागन."

सुरभीला ठाऊक होतं, या घरात भरली कोठी हलवत नाहीत. डाळ भरायची, कडुनिंबाचा पाला घालायचा, हळद-कुंकवाची बोटं ओढायची, आणि तळ दिसेपर्यंत तिला धक्का लावायचा नाही. मागं खालचं घर रंगवलं तेव्हाही कोठीमागची भिंत जुन्याच रंगाची राहिली होती.

"राहू दे आई. तुयं मन मोडून काई नको. मी पाहीन पुण्याचं."

आनंदाबाई कोठीकडं बघत राहिल्या. नकार द्यायला सासूबाईंचं नाव पुरेसं होतं. पण मग सोमवारी लेक पुण्याला जाणार. कोठी हलवली तर लेक घरातच राहणार, पण माडीवर, दाराआड. मग त्यांनी पदर खोचला, कोठीला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "रागावू नका जी, सासूबाई. नातीसाठी करून राह्यली." आणि प्रेमदासकडं वळल्या. "बघत काय बसला बाप्पा? लाव हात!"

दोघांनी रेटून कोठी घराच्या पार मागच्या भिंतीशी नेली.

"आलं गं आई! फुल आलं!" माडीवरून सुरभी ओरडली. धावत खाली आली, आईच्या गळ्यात पडली, लॅपटॉप काखोटीला मारून पुन्हा वर पळाली. मीटिंग सुरू व्हायची होती. वरचं दार लागलं.

आनंदाबाईंनी चौरंग पुसून ठेवला. गहू निवडले, ओटा धुतला, मग पुन्हा एकदा धुतला. वरून मधूनच सुरभीचं हसणं ऐकू येई, इंग्रजी बोलणं ऐकू येई. त्यातलं बाईंना काही कळत नव्हतं, तरी त्या हातातलं काम थांबवून ऐकायच्या.

दिवेलागणीला चंद्रभान पुलगावहून आले. पाय धुतले, स्वयंपाकघरात डोकावले आणि उंबऱ्यातच थबकले.

"काऊन वो, घर असं सुनं सुनं काऊन वाटून राह्यलं? पोरगी गेली का पुण्याले?"

"नाई जी," आनंदाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "नेट लागलं तिचं."