माझा पंखा आणा आधी!

मी होडी बोलतेय. बोलतेय कसली, ओरडतेय! आज सकाळी पुन्हा माझा पंखा कुणीतरी काढून नेलाय. इंजिनाच्या दांड्याला पाण्यात फिरतो ना, तो. तो नसला की मी म्हणजे वाळूत पडलेलं बाकडं. आणि ज्यांनी मला बांधलं तेच लोक हे करतात, आता बोला!

सामार नावाच्या मोठ्या बेटाच्या किनाऱ्यासमोरच्या या लहान बेटावर अख्ख्या गावाने मिळून मला बांधलं. तोल राखायला दोन्ही अंगांना बांबूच्या उलांड्या बसवल्या, पुढच्या टोकाला, नाळेला, निळा रंग दिला, माडी पिऊन माझ्याभोवती नाचले. कशासाठी? आजाऱ्याला समोरच्या शहरात न्यायला, कारण इंजिनाची होडी बेटावर दुसरी नाही. बेटावर डॉक्टर टिकतच नसे. यायचा, सुक्या मासळीच्या वासाने नाक दाबायचा आणि पुढच्या फेरीला माझ्यातच बसून परत जायचा.

मग शहरातली एक शाळा म्हणाली, तुमचंच माणूस द्या, आम्ही शिकवतो. पण एकदम डॉक्टर नाही हं. आधी सुईणपण शिकायचं आणि गावात येऊन काम करायचं. गावाने सभेत हात वर केले तर पुढे नर्स, आणि परत गावात काम. पुन्हा हात वर झाले तरच डॉक्टर.

गावाने मासळी वाळवणाऱ्यांची नोएमी निवडली. पहिल्या वेळी निरोपाला कोंबड्या काय, केळीचे घड काय, माझ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सुईण होऊन आली. नर्स व्हायला गेली, आली. तोवर गाव लाडावलं होतं. कुणाचं बाळंतपण, कुणाच्या टाचेत शिंपला, कुणाचा नवरा रुसलेला, की चालले, "नोएमी, ए नोएमी!"

तिसऱ्या सभेला शाळेच्या बाई आल्या होत्या. त्यांच्यासमोर सगळ्यांनी हात वर केले. लोला पासिंगने, म्हणजे गावाच्या आजीने, दोन्ही हात वर केले. आणि दुसऱ्या दिवशी माझा पंखा गायब!

मला चालवणारा बेर्तो, नोएमीचा मामा, दारोदार ओरडत फिरला.

"खेकड्यांनी नेला असेल," कुणीतरी म्हणालं.

"खेकड्यांना पाना धरता येतो होय रे?"

"पाच वर्षं जायची म्हणते ती! तोवर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

घ्या! डॉक्टर हवा म्हणून मला बांधलं आणि पोर डॉक्टर व्हायला निघाली तर माझे पाय तोडले. सोमवारपर्यंत ती शाळेत पोचली नाही तर तिची जागा दुसऱ्या गावाला जाणार होती. मी किती किंचाळले, पण होडीचं ऐकतंय कोण!

नोएमी मात्र ओरडली नाही. तिने पिशवी आणून माझ्यात ठेवली आणि फळीवर बसली. "मी निघालेय. होडी हलत नाही, ते तुम्ही बघा." लोक इतके निर्लज्ज, की तिथेच येऊन रांग लावली! ती बसल्या जागी जखमा धूत राहिली.

भर दुपारी, गाव आडवं झाल्यावर, लोला पासिंग आली. इकडेतिकडे बघून झंपरची बटणं सोडली. नोएमीने हळू हात लावला. एका जागी तिचा हात थांबला.

"लोला, ही गाठ कधीपासून?"

"आहे गं बरेच दिवस. तू आहेस ना इथं, म्हणून काळजी नव्हती."

"हे माझ्या हातचं नाही. याला डॉक्टर लागतो."

"मग हो की डॉक्टर!"

"कशी होऊ? जाऊ कशातून?"

म्हातारीने झंपरची बटणं लावली. मग हळूच म्हणाली, "पाच वर्षं म्हणजे मी काही असायची नाही."

नोएमीचे डोळे भरले. "आज चल माझ्याबरोबर. शहरात दाखवू."

लोला घरी गेली. आली ती कमरेशी काहीतरी गुंडाळून. तांदळाच्या पिंपात लपवलेला माझा पंखा! स्वतःच्या परकराने तिने तो पुसला, पात्यांत अडकलेले तांदळाचे दाणेसुद्धा काढले, आणि बेर्तोवर खेकसली, "बघतोस काय मेल्या, बसव!"

दोघींना मीच नेलं. ऑपरेशन झालं, लोला परत आली, काही वर्षं जगलीही. येऊन माझ्या उलांडीवर बसायची आणि बेर्तोला विचारायची, "झाली का रे आपली डॉक्टर?" झाली, पण लोला गेल्यावर. नोएमी परतली ती आधी तिच्या थडग्यावर गेली, मग दवाखान्यात.

आता लोलाची नात लुडिंग सुईण झालीय. दवाखाना निम्मा तीच ओढते. परवा तिच्या नर्सपणाची सभा झाली. पहिला हात डॉक्टर नोएमीचा वर गेला. आणि आज पंखा नाही! म्हातारा बेर्तो कपाळ बडवतोय, गाव एकमेकांकडे संशयाने बघतंय.

मला विचारा ना! पहाटे कोण आलं ते मी पाहिलंय. पाना फिरवणारे हात ओळखीचे होते, जखमा धुणारे तेच हळुवार हात. पुटपुटत होती, "एवढ्या बाळंतिणी सुटू देत, मग देते."

अगं बाई, तूसुद्धा? लुडिंगवाचून तुझे हाल होतील, कळतंय मला. एकटीने तू मरमर मरशील. पण लोलाला तर तुझ्यावाचून मरावं लागणार होतं, आणि ते ठाऊक असून तिने पंखा आणून दिला. पुसून दिला.

ऊन उतरतंय, नोएमी. पोर पिशवी घेऊन केव्हाची माझ्यात बसलीय, तुझ्याच फळीवर. ऊठ, आण तो पंखा.