मधला स्पीकर

दादाने अॅम्प घेतला आणि मी पाच स्पीकर घेतले. बाबांच्या मागे घरात जेवढ्या वाटण्या झाल्या, त्यातल्या या एकाच वाटणीत दोघांच्याही हाती काही लागलं नाही. अॅम्प नसेल तर स्पीकर म्हणजे लाकडी खोकी, आणि स्पीकर नसतील तर अॅम्प म्हणजे लोखंडी डबा. दादा शाळेत गणित शिकवतो. एकाला एक आणि दुसऱ्याला पाच, तरी वाटणी समान कशी, हे त्याने मला ढ पोराला समजवावं तसं समजावलं होतं. तेव्हापासून तो माझ्या डोक्यात गेलाय.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. तो सगळा संच त्यांनी जुन्या बाजारातून एकेक नग आणून जमवला होता, आणि तो आईसाठी. आईचा उजवा कान पूर्ण गेलेला, डावा अर्धामुर्धा. टीव्हीवर कोण काय बोलतंय ते तिला कळायचं नाही. सिनेमातलं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं, म्हणून बाबांनी तो टीव्हीखाली न ठेवता लांब वायर ओढून आईच्या खुर्चीच्या डाव्या हाताला, स्टुलावर ठेवला. बाकीचे चार मंद आणि हा एकटा मोठा. आम्हा भावांना ते ऐकताना विचित्र वाटायचं, पण आई हसायच्या जागी हसायची.

बाबा गेले आणि आई दादाकडे राहिली. तिने मला दोनतीनदा म्हटलं, "अरे, ते स्पीकर दे की त्याला." मी तिच्या तोंडावर सांगितलं, "मरेपर्यंत देणार नाही." अशी चार वर्षं गेली. हल्ली तर ती फोनवर नुसतं "हं, हं" करून ठेवून द्यायची. दादाने तिचे कान भरलेत, याबद्दल मला शंकाच नव्हती. आईने माझ्याकडे राहायला यावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि दादाची जिरावी असं त्याहून मनापासून वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

शेवटी मी जुना अॅम्प शोधायला निघालो. नवा परवडणारा नव्हता. मी लिफ्ट दुरुस्त करतो, इमारती बांधत नाही. तिसऱ्या दुकानात, जळक्या मिक्सरांच्या मागे, एक काळा अॅम्प दिसला आणि माझे पायच थांबले. आवाजाच्या बटणाच्या जागी दाढीच्या क्रीमच्या ट्यूबचं पांढरं टोपण. ते बाबांनी बसवलं होतं. मागच्या बाजूला प्रत्येक जोडणीशेजारी लाल नेलपॉलिशचा ठिपका, तोही त्यांचाच.

म्हणजे दादाने विकला! बाबांची वस्तू, आणि भंगारात! माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुकानदार म्हणाला, "साहेब, चालू आहे हां. ज्यांनी आणून दिला ना, त्या..."

"कोणी आणून दिला ते मला चांगलं माहीत आहे," मी म्हणालो आणि त्याला पुढे बोलूच दिलं नाही.

आठवडाभर कामावरून आलो की मी त्या संचाच्या मागे. एका स्पीकरच्या कडेच्या फोमचा भुगा झाला होता, तो नवा चिकटवला. टोपण फिरवलं की खरखर यायची, म्हणून आत स्प्रे मारून ते पन्नास वेळा इकडून तिकडे फिरवलं. कुठली वायर अधिक आणि कुठली उणे, ते बाबांच्या पद्धतीने बघितलं: वायरीच्या टोकांना घड्याळाचा सेल लावायचा, स्पीकरचा पडदा पुढे उडाला की बरोबर, मागे ओढला गेला की उलट. बायको म्हणाली, "एवढी माया आहे तर आईंना जाऊन भेटा ना." मी तिला कात्री आणायला सांगितलं. शेवटी मधला स्पीकर स्टुलावर ठेवला आणि त्याच्या उजवीकडे आईसाठी खुर्ची.

रविवारी सकाळी मी आई आणि दादा दोघांना बोलावलं. दादाला मुद्दाम. त्याचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं.

तो आत आला, टोपण बघितलं आणि भडकला. "हा माझ्या पलंगाखालून कधी चोरलास?"

"चोरला? विकताना लाज नाही वाटली?"

"मी विकला? चादरीत बांधून ठेवलाय मी तो!"

"मग चादरीत काय बांधलंयस, तुझी अक्कल?"

"जिभेला आवर घाल. मोठा आहे मी."

"वाटणीच्या दिवशी कळलं किती मोठा ते!"

तो माझ्या अंगावर आला. मी मागे हटलो नाही. आईने मध्ये येऊन तळहाताने अॅम्पवर थाप मारली.

"मी विकला," ती दादाला म्हणाली. "चादरीत पाट बांधून ठेवलाय. इतक्या महिन्यांत उघडूनसुद्धा बघितलं नाहीस."

मग ती माझ्याकडे वळली.

"तुमचं भांडण ऐकू यायची गरज नाही मला, पाठ आहे ते. तुला म्हटलं, स्पीकर दे. तू म्हणालास, मरेपर्यंत नाही. ह्याला म्हटलं, डबा तरी दे त्याला. हाही म्हणाला, मरेपर्यंत नाही. कुणाच्या मरेपर्यंत, ते एकानेही सांगितलं नाही. म्हटलं, निदान तिसऱ्या कुणाच्या घरात तरी वाजू दे."

दादा खाली बघत पुटपुटला, "म्हणून दोन वर्षं माझ्याशी अबोला धरलास? काही विचारलं तरी उत्तर नाही." तिने त्यालाही उत्तर दिलं नाही. ती अॅम्पकडे बघत होती, आणि मला आतल्या आत बरं वाटलं. बोलत नाही ना तुझ्याशी? आता राहील माझ्याकडे.

मी तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं. बाबांच्या वेळचा, तिच्या आवडीचा एक सिनेमा लावला. नवरा-बायकोच्या भांडणाचा प्रसंग होता, ज्यावर ती दर वेळी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. मधल्या स्पीकरमधून बाईचा आवाज इतका स्वच्छ आला की दादासुद्धा टेकून बसला. चार वर्षांनी सगळे नग एकत्र वाजत होते. काम माझं होतं आणि मला अभिमान वाटला, हेही सांगून टाकतो.

मी आईकडे बघत राहिलो. बायको नवऱ्यावर ओरडली. मग नवऱ्याने ते ठरलेलं उत्तर दिलं. दादाला हसू आलं, मलाही आलं. आईने बाबांच्या वेळी करायची तसा डावा कान स्पीकरकडे केला होता आणि ती वाट बघत होती.

"चित्र आलं," ती म्हणाली. "आवाज लावा की आता."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी टोपण फिरवलं. आणखी फिरवलं. कपाटातले पेले थरथरायला लागले, बायको आतून धावत आली, दादाने दोन्ही कानांवर हात ठेवले. आईने हात लांब करून स्पीकरची वायर चाचपली आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"वायर नीट लावली नाहीत का रे?" तिने विचारलं.